मुलाच्या तिरळेपणाचं ऑपरेशन: नाशिककर पालकांसाठी, पहिल्या शंकेपासून वर्षभरानंतरच्या तपासणीपर्यंत

आमची लेक साडेतीन वर्षांची असताना सोमेश्वरच्या धबधब्यापाशी उभी होती. उन्हात तिने डावा डोळा घट्ट मिटून घेतला. आजी म्हणाली, "नखरे करते." संध्याकाळी गाडीत पेंगताना तोच डोळा बाहेर सरकलेला दिसला आणि आमच्या पोटात गोळा आला. जवळच्या एका ठिकाणी दाखवलं, तर "शाळेत जायला लागली की आपोआप सरळ होईल" असं ऐकून परत आलो. त्यात वर्ष गेलं. पुढे सहाव्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं, आज ती नऊ वर्षांची आहे. या प्रवासात जे उशिरा कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, फाईल सांभाळणारी आई आहे.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट मात्र आधीच सांगते. डोळा सरळ दिसणं, डोळ्याला स्पष्ट दिसणं आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून एक चित्र दिसणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन थेट पहिलीसाठी असतं. दुसरीसाठी चष्मा आणि पट्टी. तिसरी या दोन्हींवर, वयावर आणि थोडी नशिबावर अवलंबून. डॉक्टर "ऑपरेशन यशस्वी झालं" म्हणतात तेव्हा यातलं नेमकं काय यशस्वी झालं, हे विचारायला शिका.

आधी घरी काय बघायचं

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून भरकटतात, त्याला घाबरू नका. त्यानंतरही डोळा वळलेला दिसत असेल, तर "मोठं झालं की जाईल" हे वाक्य कानामागे टाका. तिरळं मूल नशीबवान असतं म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते, तिला चहा द्या आणि अपॉइंटमेंट घ्या.

काही बाळांचं नाक रुंद असतं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते, त्यामुळे डोळे आत वळल्यासारखे नुसते भासतात. घरी बघायची एक सोपी खूण आहे: समोरून फ्लॅश टाकून फोटो काढा. प्रकाशाचा पांढरा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी दिसला तर बहुधा भास आहे. एका डोळ्यात तो मधे आणि दुसऱ्यात बाजूला असेल तर डोळा खरंच वळलेला आहे. डॉक्टरही टॉर्चने हेच बघतात. ठिपका साधारण १ मिलिमीटर सरकला म्हणजे डोळा ७ अंशांच्या आसपास वळलेला असतो. फोटो चांगला आला म्हणून तपासणी मात्र टाळू नका.

त्याच फोटोत बाहुली काळी किंवा लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्यावरची गाठ असू शकते, आणि तिरळेपणा ही अशा गाठीची पहिली खूण असू शकते. मोठ्या मुलाचा डोळा अचानक वळला, एकाचे दोन दिसायला लागले, सोबत डोकेदुखी किंवा उलट्या असतील, तरीही थांबायचं नाही.

आमच्या लेकीसारखा, कधी सरळ तर कधी बाहेर जाणारा डोळा असेल, तर मोबाईलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा. उन्हात, टीव्ही बघताना, ताप असताना, झोपेच्या वेळी. डॉक्टरांसमोर मूल नेमकं शहाण्यासारखं वागतं आणि डोळा सरळ ठेवतं. आम्हाला दोनदा "काही नाही हो" ऐकावं लागलं ते यामुळेच. व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

कुणाकडे जायचं

प्रत्येक नेत्रतज्ज्ञ तिरळेपणाचं ऑपरेशन नेहमी करतोच असं नाही. विचारायचा शब्द: बालनेत्रतज्ज्ञ, किंवा "स्क्विंटचे डॉक्टर". कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, मुंबई नाका या पट्ट्यात डोळ्यांचे दवाखाने पुष्कळ आहेत. फोनवरच विचारा की लहान मुलांचं स्क्विंट ऑपरेशन इथेच होतं का, की ठरावीक दिवशी बाहेरून सर्जन येतात. बाहेरून येत असतील तर वाईट काही नाही, पण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डोळा सुजला तर बघणार कोण, हे आधी ठरलेलं हवं.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल नक्की दाखवावं. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि पथकाची चिठ्ठी असली की जिल्हा रुग्णालयात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हा प्रश्न अर्धा सुटतो. नाशिकचं जिल्हा रुग्णालय त्र्यंबक नाक्यावर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार बरोबर न्या. दोन्हीवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, ते घरून निघतानाच बघा.

तपासणीच्या दिवशी

अर्धा दिवस मोकळा ठेवा. मूल झोपलेलं आणि जेवलेलं हवं. आधी दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी मोजतात: ६/६, ६/१२, ६/३६ अशी. ६/६ म्हणजे नीट दिसतं, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं. हे आकडे वहीत लिहून घ्या, पुढे दोन वर्षं याच आकड्यांवर सगळं चालतं. मग एक डोळा झाकत-उघडत, समोर प्रिझमच्या पट्ट्या धरून डोळा किती वळलाय ते मोजतात. एकक आहे प्रिझम डायॉप्टर. १ मीटर अंतरावर किरण १ सेंटिमीटर सरकवणारा प्रिझम म्हणजे १ डायॉप्टर. आमच्या फाईलवर लांब बघताना ३० आणि जवळ बघताना २० होतं.

आणखी एक गंमतशीर तपासणी असते: चष्मा लावून माशीचं मोठं चित्र दाखवतात आणि पंख चिमटीत धरायला सांगतात. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर माशी कागदाच्या वर आल्यासारखी दिसते आणि मूल हवेतच चिमटी करतं. आमचीने पहिल्यांदा थेट कागदावर बोट ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

मग डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करून नंबर काढतात. लहान मुलांना बऱ्याचदा अ‍ॅट्रोपीनचं मलम तीन दिवस घरी लावायला देतात. लावल्यावर हात धुवा, तोंडात जाऊ देऊ नका. चेहरा लालबुंद झाला किंवा ताप आला तर पुढचा डोस थांबवून दवाखान्यात फोन करा. आठवडा-दोन आठवडे जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून परीक्षेच्या तोंडावर हे काढू नका. पण ही पायरी गाळूही नका. माझ्या निफाडच्या भाच्याचे डोळे आत वळायचे. थेंबांनंतर प्लस साडेचार नंबर निघाला, चष्मा लागला आणि काही महिन्यांत डोळे सरळ. ऑपरेशन झालंच नाही. चष्मा काढला की डोळा अजून वळतो, आणि ते तसंच असतं: जवळचं-लांबचं बघण्यासाठी डोळ्याला जो जोर लावावा लागायचा, त्या जोराबरोबर डोळा आत ओढला जायचा, तो जोर आता चष्मा घेतो. अशा मुलाचा चष्मा सुटावा म्हणून ऑपरेशन करून द्या म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्यांचं ऐकू नका.

चष्मा आणि पट्टी: इथेच खरी कसोटी

वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू बाजूला सारतो, नाहीतर एकाचे दोन दिसतील. लहानपणी हे फार काळ चाललं की त्या डोळ्याची मेंदूशी जोडणीच कच्ची राहते. डोळा निरोगी, पण दिसतं कमी. याला आळशी डोळा म्हणतात, आणि स्नायू कापून-शिवून तो सुधारत नाही. म्हणून बहुतेक डॉक्टर आधी दृष्टी वाढवतात आणि मग डोळा सरळ करतात.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची. हे वाचायला सोपं आहे, पण आमच्या ओळखीत एका घरी महिनाभर कमजोर डोळाच झाकला होता, "त्याला आराम मिळावा" म्हणून. चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवलात तर मूल वरून बघतं, पट्टी कातडीलाच हवी. किती तास? ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम कमजोर डोळ्यासाठी (६/१२ ते ६/२४) रोजचे २ तास आणि ६ तास यांचा चार महिन्यांनंतरचा फायदा सारखाच निघाला. आम्हाला २ तास सांगितले होते. दृष्टी जास्त खालावलेली असेल तर तास वाढतात. काही जणांना चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीनचा थेंब घालून तोच परिणाम साधता येतो. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तास मनाने वाढवू नका, चांगला डोळा कमजोर व्हायचा धोका असतो.

सात वर्षांच्या आत सगळ्यात छान फरक पडतो. त्यानंतरही काही मुलांना पडतो, म्हणून "आता वय गेलं" हे एका ठिकाणी ऐकून घरी बसू नका.

शाळेत पट्टी लावून पाठवावी का? आम्ही आठवडाभर पाठवलं. "लुकिंग लंडन, टॉकिंग टोकियो" ऐकून ती रडत आली, आणि आम्ही पट्टीची वेळ संध्याकाळी, चित्रं रंगवण्याची केली. पट्टीवर रोज नवा स्टिकर. लाच आहे, हो. दिली.

ऑपरेशन कधी, आणि काय करतात

जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत डोळे मोठ्या कोनात आत वळलेले असतील तर साधारण दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करण्याकडे कल असतो, कारण दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघणं शिकायची खिडकी लवकर मिटते. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याला घाई नसते. दिवसातला किती वेळ डोळा निसटतो आणि माशीचं चित्र बिघडत चाललंय का, यावर ठरतं.

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. जास्त ओढणारा स्नायू सोडवून थोडा मागे शिवतात किंवा सैल पडलेला आखूड करून परत शिवतात. किती मिलिमीटर, हे त्या प्रिझमच्या आकड्यावरून ठरतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी मोजमाप एकापेक्षा जास्त वेळा, वेगवेगळ्या दिवशी झालं आहे ना, एवढं बघा. डोळा खोबणीतून बाहेर काढत नाहीत, हे आजी-आजोबांना आधीच सांगून टाका. आणि दुसरी गोष्टही सांगा, जी मी सांगितली नव्हती: ऑपरेशन कधीकधी दोन्ही डोळ्यांवर करतात, कारण डोळे जोडीने चालतात. आमच्या सासूबाईंनी दोन्ही डोळे लाल बघितले आणि वॉर्डमध्येच आवाज चढवला, "चांगल्या डोळ्याला का हात लावला?" संमतीपत्रावर दोन्ही डोळे स्पष्ट लिहिले होते. सही मी केली होती, वाचून केली नव्हती.

मुलांना पूर्ण भूल देतात. स्नायू ओढताना हृदयाचे ठोके काही क्षण मंदावू शकतात, ही गोष्ट भूलतज्ज्ञांना ठाऊक असते आणि ते तयारीत असतात. तुम्ही फक्त हे विचारा की लहान मुलांच्या भुलीची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत ना. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्याने सांगितलेली वेळच पाळा. सर्दी-खोकला झाला असेल तर लपवू नका, तारीख पुढे जाऊ द्या. अशा पहिल्या ऑपरेशनचा मान बर्लिनच्या डीफेनबाख यांना देतात, १८३९ साली, सात वर्षांच्या मुलावर. ईथरची भूल जगापुढे आली १८४६ मध्ये. भुलीच्या कागदावर सही करताना हात कापायला लागला की मी तो मुलगा आठवायचे.

तारीख ठरवताना सण बघा. रंगपंचमीच्या आधीचा महिना टाळलेला बरा. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदात, उड्या पडत असताना डोळ्याला रंगाचं पाणी लागू द्यायचं नाही, हे सहा वर्षांच्या मुलाला समजावणं भुलीपेक्षा अवघड.

पहिला दिवस ते सहावा आठवडा

या ऑपरेशननंतर उलट्या बऱ्याच मुलांना होतात, एक जुना टॉवेल आणि जादा कपडे ठेवा. सिन्नर-येवल्याहून आला असाल तर त्या रात्री शहरातच मुक्काम करता आला तर करा. डोळे लालभडक दिसतात, पहिल्या दिवशी अश्रूंत किंचित लाल झाक असू शकते. टाके विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत, खडा टोचल्यासारखं मात्र वाटतं. लाली दोन-तीन आठवड्यांत उतरते, कधी जास्त वेळ लागतो. थेंब सांगितल्याप्रमाणे घाला. डोक्यावरून अंघोळ काही दिवस नाही. पोहणं, माती, रंग साधारण महिनाभर बंद. नेमकं किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बाहेर जाणाऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन मुद्दाम थोडं जास्त सुधारतात, कारण पुढे डोळा परत किंचित बाहेर सरकतो. त्यामुळे पहिले काही दिवस डोळे आत वळल्यासारखे दिसतात आणि मूल "दोन-दोन आई दिसतात" म्हणतं. आम्ही त्या रात्री जवळजवळ झोपलोच नाही. आठवडाभरात ते गेलं. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पापण्या सुजून बंद, पू, ताप, दिसणं अचानक कमी, किंवा डोळा एका बाजूला वळतच नाही, असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

निकाल वाचायचा कसा

बहुतेक डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी परत प्रिझमने मोजतात. उरलेला कोन १० प्रिझम डायॉप्टरच्या आत असेल तर सहसा यशस्वी म्हणतात, आणि तेवढा फरक समोरच्याला क्वचितच जाणवतो. म्हणजे पुस्तकातलं "यश" हे शून्य नव्हे. आणि आज मिळालेलं यश तीन वर्षांनी तसंच असेल असंही नाही. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्यांसाठी अमेरिकेत ३ ते १० वर्षांच्या १९७ मुलांवर दोन पद्धतींची तुलना झाली, निकाल २०१९ मध्ये आला. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे नेलेल्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ४६ मुलांचा आणि एकाच डोळ्याचे दोन स्नायू हाताळलेल्या गटात ३७ मुलांचा निकाल कडक कसोटीवर असमाधानकारक ठरला. त्यातल्या थोड्याच मुलांना पुन्हा ऑपरेशन लागलं. हा आकडा मी आधी वाचला असता तर घाबरले असते. नंतर वाचला आणि हायसं वाटलं, कारण आमच्या मुलीच्या डोळ्याचा कोन दोन वर्षांनी १२ प्रिझम डायॉप्टरवर आला होता आणि मी सर्जनला मनातल्या मनात दोष देत होते. तिची माशी मात्र कागदाच्या वर आली आहे. डावा डोळा ६/१२ वरून ६/९ झालाय. चष्मा आहे, राहील. सध्या दुसरं ऑपरेशन नको, बघू, असं ठरलंय.

जन्मतःच आत वळलेल्या डोळ्यांना मोठेपणी दुसरं ऑपरेशन लागणं नवलाचं नाही. त्यात एखादा डोळा वर तरंगायला लागतो, तो वेगळा प्रकार असतो. पहिल्याच भेटीत विचारा: "आमच्या प्रकारात दुसऱ्यांदा करायची वेळ किती जणांवर येते? तुमच्या स्वतःच्या रुग्णांत?" सरळ उत्तर देणारा डॉक्टर पकडून ठेवा.

मोठ्यांसाठी दोन ओळी, कारण देवळाली-नाशिकरोडकडची भरतीची तयारी करणारी मुलं मला नेहमी विचारतात. केंद्रीय पोलीस दलांच्या भरतीत तिरळेपणा चालत नाही. ऑपरेशन विशीतही होतं, आणि डोळे सरळ होतात. पण आळशी डोळ्याची दृष्टी ६/३६ असेल तर ती ऑपरेशननंतरही ६/३६ च राहते, आणि भरतीत दृष्टीही मोजतात. पैसे भरायच्या आधी दोन्ही डोळ्यांचे आकडे निकषांशी ताडून बघा. मधुमेह असलेल्या काका-मामांचा डोळा अचानक वळला तर गोष्ट वेगळी, तिथे आधी कारण शोधतात, साखर सांभाळतात आणि बरेचदा काही महिने थांबतात, कारण पुष्कळांचा स्नायू आपोआप परत काम करू लागतो.

नंतर

पहिल्या वर्षी तीन-चार भेटी, मग सहा महिन्यांनी, साधारण दहा-बारा वर्षांची होईपर्यंत. चष्मा तुटला तर त्याच आठवड्यात नवा. फाईलमधल्या प्रत्येक मोजमापाचा मोबाईलवर फोटो ठेवा. आमची एक फाईल पावसाळ्यात भिजली होती.

आणि घरात धाकटं भावंड असेल तर तेही दाखवून आणा, हे घराण्यात चालतं. आमच्या धाकट्याचे डोळे अगदी सरळ होते. तीन वर्षांचा झाल्यावर थेंब घालून तपासलं, प्लस तीन निघाला. आता सकाळी साडेसातच्या स्कूलव्हॅनआधी घरात दोन चष्मे शोधावे लागतात, आणि त्यातला एक रोज फ्रिजवर सापडतो.